एकाचे दहा, दुसऱ्याचा एक: कमी बजेटच्या सिरियल किलर थ्रिलरवरची मतं वाचायची कशी?

ओटीटीवर चाळता चाळता एक पोस्टर समोर येतं. पावसात उभा असलेला तपास अधिकारी, त्याच्या मागे अंधारात एक आकृती, खाली पुढच्या बळीबद्दल एक ओळ. कलाकारांची नावं अनोळखी, एक सोडून. रेटिंग 5.1. मतं उघडली की पहिलंच म्हणतं, ‘बऱ्याच वर्षांत असा थ्रिलर पाहिला नाही, शेवट बघून हादरलो’, 10 पैकी 10. त्याच्या खालचं म्हणतं, ‘वीस मिनिटांत बंद केला’, 10 पैकी 1. दोघांनी एकच चित्रपट पाहिलाय यावर विश्वास बसत नाही.

या प्रकारच्या चित्रपटांच्या वाट्याला अशी दुभंगलेली मतं वारंवार येतात, आणि त्यामागे ठोस कारणं असतात. काही कारणं सरासरीच्या गणितात आहेत, काही चित्रीकरणाच्या वेळापत्रकात, काही रहस्यकथेच्या बांधणीत. ती माहीत असली की त्या मतांमधून खरंच उपयोगाची माहिती काढता येते. आणि एक गोष्ट लक्षात येते: मतांमध्ये सतत भेटणारं ‘लो बजेट वाटतो’ हे वाक्य पुष्कळदा पैशाबद्दल नसतंच.

## कमी बजेट म्हणजे नेमकं काय कमी?

पैसा कमी म्हणजे कॅमेरा साधा, अशी सर्वसाधारण समजूत असते. आज कॅमेरा ही त्या मानाने किरकोळ अडचण आहे. खरा तुटवडा असतो दिवसांचा.

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा या धंद्यातला ढोबळ हिशोब. दीड तासाच्या चित्रपटाची पटकथा 90 पानांच्या आसपास भरते. मोठ्या निर्मितीत दिवसाला दोन-तीन पानं चित्रित होतात, कधी त्याहूनही कमी. छोट्या निर्मितीकडे 12 ते 18 दिवस असतात, म्हणजे रोज पाच ते आठ पानं उरकावी लागतात. प्रत्येक प्रसंगासाठी आधी सगळे दिसतील असा रुंद मास्टर शॉट, मग प्रत्येक पात्राच्या बाजूने, मग क्लोजअप, मग हातातली वस्तू किंवा टेबलावरचा कागद दाखवणारे छोटे इन्सर्ट, अशी रीत असते. कोन बदलला की दिवे हलवावे लागतात आणि त्यात अर्धा तास सहज जातो. दिवस संपत आला की पहिली कात्री इन्सर्टवर चालते, मग क्लोजअपवर.

कौटुंबिक नाट्यात एखादा इन्सर्ट गळला तर फारसं बिघडत नाही. रहस्यपटात मात्र तो इन्सर्ट म्हणजेच सुगावा असतो. मृताच्या मनगटावरची खूण, रजिस्टरमधली खाडाखोड, दाराला आतून लागलेली कडी. ती नीट दाखवायची राहून गेली की संकलनाच्या टेबलावर दिग्दर्शकापुढे दोनच वाटा उरतात: पॅचवर्कसाठी पुन्हा एक दिवस काढायचा, किंवा एखाद्या पात्राच्या तोंडून ती माहिती वदवून घ्यायची. पैसे नसतात म्हणून दुसरी वाट धरली जाते, आणि प्रेक्षक लिहितो, ‘सगळं बोलून सांगतात, दाखवत काहीच नाहीत’.

## 5.1 हा आकडा येतो कुठून?

तारे देणाऱ्या सगळ्या ठिकाणांचं गणित एकसारखं नसतं. दोन मुख्य पद्धती आहेत.

पहिली सरासरीची. आयएमडीबी या चित्रपटांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर प्रेक्षक 1 ते 10 गुण देतात, पण दिसणारा आकडा ही साधी सरासरी नसते. ती भारित सरासरी असते, म्हणजे प्रत्येक मताचं वजन सारखं धरलेलं नसतं. वजन नक्की कसं ठरतं हे ती कंपनी पूर्ण उघड करत नाही, कारण सांगितलं की लोक त्यातून पळवाट काढतील.

दुसरी पद्धत टक्क्यांची. परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर समीक्षकांपैकी किती जणांचा कौल अनुकूल आहे त्याची टक्केवारी दिसते आणि 60 टक्क्यांपासून पुढे चित्रपट ‘फ्रेश’ ठरतो. तिथला प्रेक्षकांचा आकडा वेगळा असतो: 5 पैकी साडेतीन किंवा जास्त तारे देणाऱ्यांचा टक्का. म्हणजे ‘90 टक्के’ याचा अर्थ ‘100 पैकी 90 गुण’ असा होत नाही.

फरक किती पडतो ते पाहा. एका चित्रपटाला दहा जणांनी प्रत्येकी 6 गुण दिले. दुसऱ्याला पाच जणांनी 10 आणि पाच जणांनी 2 दिले. दोन्हींची सरासरी 6. पण 6 गुणांना ‘आवडला’ धरलं, तर पहिल्याला 100 टक्के मिळतात आणि दुसऱ्याला 50. पहिला चित्रपट बरा आहे आणि कुणाला त्रास देत नाही. दुसरा कुणाला फार भिडतो, कुणाला अजिबात सहन होत नाही. कमी बजेटचे सिरियल किलर थ्रिलर बरेचदा या दुसऱ्या जातीचे असतात, म्हणून त्यांच्या बाबतीत एकटी सरासरी सगळ्यांत कमी माहिती देते. गुणांची विभागणी दाखवणारा आडव्या पट्ट्यांचा आलेख असतो, तो उघडा. मधल्या पट्ट्या लांब असतील तर चित्रपट सामान्य आहे. वरच्या आणि खालच्या टोकाच्या पट्ट्या लांब असतील तर पुढचा प्रश्न विचारायचा: भांडण कशावरून आहे?

## मोजकी मतं असली की काय होतं?

नव्या फलंदाजाने पहिल्या दोन डावांत दोन शतकं ठोकली आणि दोन्हींत बाद झाला, तर त्याची सरासरी शंभराच्या वर दिसते. म्हणून तो वीस वर्षं खेळलेल्यापेक्षा मोठा फलंदाज आहे असं कुणी म्हणत नाही. अजून डाव कमी झालेत, एवढंच आपण म्हणतो. ताऱ्यांनाही हाच नियम लागतो.

आयएमडीबीच्या सर्वोत्तम 250 चित्रपटांच्या यादीत हा विचार सूत्रातच बसवलाय: मतं कमी असतील तर चित्रपटाचा आकडा सगळ्या चित्रपटांच्या सरासरीकडे खेचला जातो, मतं वाढतील तशी ही ओढ सैल होते. त्या यादीसाठी किमान 25,000 मतं लागतात. हेच सूत्र घरच्या घरी वापरून बघता येतं. समजा, एका चित्रपटाला 200 मतं आहेत आणि सरासरी 8.4. एकूण चित्रपटांची सरासरी 6.5 धरू आणि भरवसा ठेवायला 1,000 मतं हवीत असं मानू. मग 200 गुणिले 8.4, अधिक 1,000 गुणिले 6.5, आणि बेरजेला 1,200 ने भाग. उत्तर येतं 6.8. ‘8.4’ बघून चढलेला उत्साह उतरवायला हा हिशोब पुरेसा आहे.

आता ती पहिली 200 मतं कुणाची असतात ते पाहू. छोट्या चित्रपटातही कलाकार, तंत्रज्ञ, सहायक मिळून पन्नास-साठ माणसं असतात. त्यांचे मित्र आणि नातेवाईक मोजले तर आकडा काही शेकड्यांत जातो. यातल्या 40 जणांनी प्रेमापोटी 10 गुण दिले आणि उरलेल्या 160 अनोळखी प्रेक्षकांची सरासरी 4.5 असली, तरी एकूण आकडा 5.6 दिसतो. एका गुणाहून जास्त फरक, आणि यात पैसे देऊन मतं विकत घेण्याचा प्रकार कुठेच नाही. मोठ्या चित्रपटात हीच 40 मतं लाखभर मतांत विरघळून जातात.

सुरुवातीचं मत नंतर येणाऱ्यांनाही ओढतं. लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. बातम्यांच्या एका संकेतस्थळावरच्या प्रतिक्रियांना त्यांनी यदृच्छेने सुरुवातीलाच एक अनुकूल मत देऊन टाकलं. अशा प्रतिक्रियांचे अंतिम गुण सरासरी 25 टक्क्यांनी वर गेले. मुद्दाम दिलेलं प्रतिकूल मत मात्र पुढच्या लोकांनी भरून काढलं. प्रयोग चित्रपटांवर नव्हता, तरी बोध स्पष्ट आहे: खोट्या कौतुकाचा फुगवटा खोट्या निंदेपेक्षा जास्त टिकतो. प्रदर्शनानंतरच्या पहिल्या आठवड्यातली मतं वाचताना हे ध्यानात ठेवायला हवं.

## ‘लो बजेट वाटतो’ म्हणजे काय वाटतं?

हे वाक्य लिहिणाऱ्याला बहुधा एखादी गोष्ट खटकलेली असते, पण तिचं नाव ठाऊक नसतं. त्या गोष्टी मुळात तीन-चारच आहेत, आणि पहिली आहे आवाज.

धूसर चित्र प्रेक्षक बरंच सोसतो. तुटका, घुमणारा आवाज सोसत नाही. चौकशीच्या खोलीतला एक प्रसंग घेऊ. रिकामी खोली, उघड्या भिंती, फरशी, मध्ये लोखंडी टेबल. दिसायला अगदी योग्य, आवाजासाठी वाईट. प्रत्येक शब्द भिंतींवर आपटून परत येतो. बूम, म्हणजे लांब काठीला लावलेला माइक, बोलणाऱ्यापासून दोनेक फुटांवर ठेवायचा असतो. चौकट रुंद असली तर तो दिसू नये म्हणून वर उचलावा लागतो आणि घुमारा वाढतो. मग भिस्त कपड्यांत लपवलेल्या लेपल माइकवर येते. संशयित पुढे वाकला की शर्टाची खसखस संवादावर चढते. अधिकारी टेबलावर हात आपटतो आणि नेमका तोच महत्त्वाचा शब्द फुटतो. घाईत आणखी एक गोष्ट राहते: खोलीतली नुसती शांतता, कुणी न बोलता, अर्धा-एक मिनिट ध्वनिमुद्रित करणं. ही शांतता हाताशी नसली की संकलनात दोन वाक्यांच्या मध्ये मागची गुणगुण एकदम बंद पडते आणि पुन्हा सुरू होते. प्रेक्षकाला ते शब्दांत सांगता येत नाही, पण हा प्रसंग खोटा आहे हे कानाला कळतं.

उपाय म्हणून डबिंग करतात, तर नवाच त्रास. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मानकानुसार आवाज चित्राच्या साधारण 45 मिलिसेकंद आधी आला किंवा 125 मिलिसेकंद उशिरा आला की माणसाला तो जाणवू लागतो. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर एक फ्रेम जवळपास 42 मिलिसेकंदांची. म्हणजे आवाज दोन फ्रेम पुढे सरकला तरी ओठ आणि शब्द वेगळे पडलेले दिसतात. ‘अभिनय लाकडी आहे’ ही तक्रार अनेकदा इथून येते. अभिनय मुळात बरा असतो, पण स्टुडिओत, उभं राहून, समोर सहकलाकार नसताना बोललेल्या वाक्यातली धाप, थकवा आणि अंतर निघून गेलेलं असतं.

आणि ही दुरुस्ती फारशी महाग नाही. कॅमेऱ्याच्या मागे भिंतींवर जाड गोधड्या टांगणं, खुर्चीच्या पायांना कापड गुंडाळणं, प्रत्येक जागी शांतता ध्वनिमुद्रित करणं, यांना पैशापेक्षा शिस्त लागते.

दुसरी गोष्ट उजेड. ‘अर्धा चित्रपट काळोखात, काही दिसतच नाही’ ही तक्रार या प्रकाराच्या पाचवीला पुजलेली. चांगला काळोख हा दिवे कमी लावून होत नाही. माणसाच्या मागून एक दिवा देऊन खांद्यांची कड उजळायची, खोलीतला टेबललॅम्प किंवा खिडकी उजेडाचं कारण म्हणून दाखवायची, आणि बाकी सोडून द्यायचं, असा तो रचावा लागतो. नुसतंच कमी उजेडात चित्रण केलं की प्रतिमेत कण येतात. पुढे स्ट्रीमिंगसाठी फाइल दाबली जाते, म्हणजे तिचा आकार लहान केला जातो. साध्या 8 बिट चित्रात प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात आणि गडद छटांच्या वाट्याला त्यातल्या मोजक्याच येतात. दाबताना त्याही गळतात. मग काळ्या भिंतीवर पट्टे दिसतात आणि चेहरा त्यात बुडतो. इथे एक न्याय करायला हवा: ही तक्रार कधी कधी चित्रपटाची नसून दिवसा, उजेडाच्या खोलीत, मोबाइलवर पाहणाऱ्याची असते.

तिसरी गोष्ट माणसं. मागून ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला पैसे, जेवण आणि कपडे द्यावे लागतात, म्हणून छोट्या चित्रपटांतली पोलीस ठाणी ओस असतात. शहर हादरवणारी चार प्रेतं आणि तपासाला दोघंच. प्रेक्षकाला हे पटत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. पण यावरची वाट पटकथेत सापडते: अधिकाऱ्याला प्रकरणावरून काढून टाका, त्याला सुटीत तपास करायला लावा, किंवा कथा अशा ठिकाणी न्या जिथे मुळातच दोन शिपाई असतात. मग रिकामी खोली उणीव न राहता कथेचा भाग होते.

## ‘खुनी कोण ते पहिल्या वीस मिनिटांत ओळखलं’

ही बढाई नसते. कमी बजेटच्या रहस्यपटात खुनी ओळखणं खरंच सोपं जातं, आणि त्याचा धागा कथेत नसून पात्रयोजनेत असतो.

संवाद असलेली पात्रं सहा-सात. त्यातून तपास अधिकारी, त्याचा सहकारी आणि पहिले बळी वजा केले की तीनच संशयित राहतात. त्यात पोस्टरवरचं ते एक ओळखीचं नाव. ओळखीच्या कलाकाराला दोन-तीन दिवसांसाठीच घेणं परवडतं, म्हणून त्याचे सगळे प्रसंग एकाच जागी, टेबलामागे बसलेले, असे लिहिले जातात. सराईत प्रेक्षक विचार करतो: एवढ्या मोठ्या नटाला चार वाक्यांची भूमिका का दिली असेल? उत्तर मिळतं, आणि शेवटच्या धक्क्यातली हवा निघते. नट खुनी नसला, तर उलटी तक्रार येते: ‘नाव बघून लावला आणि तो दहाच मिनिटं आहे’.

रहस्य प्रामाणिक आहे की नाही हे तपासायला एक साधी कसोटी आहे. उलगडा झाल्यावर मागे जाऊन प्रेक्षकाला किमान तीन जागा सापडायला हव्यात जिथे सत्य त्याच्या डोळ्यांसमोर होतं आणि त्याने ते वेगळ्या अर्थाने घेतलं. एकही जागा नसेल तर तो धक्का वरून चिकटवलेला आहे. ‘शेवट कुठून आला कळलंच नाही’ असं मत अनेकांनी दिलेलं दिसलं की हीच गोष्ट घडली आहे असं धरून चाला. यात बजेटचा संबंध नाही. तीन सुगावे पेरायला कागद आणि डोकं लागतं.

आणि एक गैरसमज. काही चित्रपट पहिल्या दहा मिनिटांतच खुनी दाखवून टाकतात आणि तो कसा सापडतो यावर कथा चालवतात. कोडं सोडवायला बसलेल्या माणसाला ही फसवणूक वाटते. प्रसिद्धीचा मजकूर मात्र ‘कोण आहे तो?’ असंच विचारत असतो, कारण पोस्टर आणि वर्णन पुष्कळदा वितरक ठरवतो, दिग्दर्शक नाही. या प्रकाराला तीन वेगवेगळे प्रेक्षक येतात: कोडं हवं असलेले, भीती हवी असलेले, आणि खुन्याच्या मनात डोकावायचं असलेले. पोस्टर तिघांनाही आश्वासन देतं. चित्रपट एकालाच समाधान देऊ शकतो. उरलेले दोघं 1 आणि 2 गुण देऊन जातात.

## ‘खरे पोलीस असं करत नाहीत’ ही तक्रार किती खरी?

अर्धी. ‘दोन खून झाले की सिरियल किलर कसा?’ असं पुष्कळ जण विचारतात. एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने 2005 मध्ये तज्ज्ञांची परिषद भरवली आणि 2008 मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात व्याख्या अशी: एकाच गुन्हेगाराने किंवा गुन्हेगारांनी, वेगवेगळ्या घटनांत, दोन किंवा अधिक जणांचा केलेला बेकायदा वध. त्याआधी 1998 च्या अमेरिकी कायद्यात तीन हा आकडा होता. म्हणजे दोन खुनांनंतर पडद्यावरचा अधिकारी तो शब्द वापरतो तेव्हा तो चुकत नसतो.

त्याच अहवालाने काही लाडक्या समजुती खोडून काढल्या: असे गुन्हेगार एकलकोंडे असतातच असं नाही, अनेकांना नोकरी आणि कुटुंब असतं, ते विलक्षण बुद्धिमान असतातच असंही नाही, आणि ते थांबू शकत नाहीत हेही खरं नाही. भिंतभर फोटो लावून त्यांना लाल दोऱ्यांनी जोडणारा अधिकारी आणि कोडी पाठवणारा अतिहुशार खुनी ही जोडी पडद्यावरच जास्त भेटते. गंमत म्हणजे प्रेक्षक या बाबतीत फारशी तक्रार करत नाही, कारण ते या प्रकाराचे संकेत म्हणून त्याने स्वीकारलेत. तो चिडतो बारीक गोष्टींवर: घटनास्थळी हातमोज्यांविना वस्तू उचलणारा अधिकारी, एका तासात आलेला डीएनए अहवाल, मदत न बोलावता एकट्यानेच अंधाऱ्या गोदामात शिरणारा नायक. हातमोज्यांची जोडी कुठल्याही बजेटमध्ये बसते. त्यामुळे अशा तक्रारी मोजाव्यात. त्या पाच-सहा जणांनी वेगवेगळ्या शब्दांत केल्या असतील, तर निर्मात्यांनी अभ्यास केलेला नाही.

## प्रेक्षकाने बजेटचा विचार करावाच का?

हा आक्षेप रास्त आहे. वर्गणी तीच, वेळ तोच, मग चित्रपट स्वस्तात केला म्हणून दोन तारे जादा का द्यायचे? देऊ नयेत. कमी बजेट ही सबब नाही. पण ती अट मात्र आहे, आणि त्या अटीत राहून काय साधलं हे पाहणं म्हणजे सवलत देणं नव्हे.

जर्मनीत 1931 साली फ्रिट्झ लांगने ‘एम’ हा त्याचा पहिला बोलपट केला. लहान मुलींचा खुनी पडद्यावर धड दिसण्याआधी त्याची शीळ ऐकू येते. एका मुलीचा खून तर दाखवलेलाच नाही: गवतात घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा, बस. पुढे फुगे विकणारा आंधळा म्हातारा त्या शिळेवरूनच खुन्याला ओळखतो. तो चित्रपट हलाखीत बनला नव्हता, पण त्यातली ही युक्ती कुणालाही परवडेल अशी आहे. आल्फ्रेड हिचकॉकने 1960 चा ‘सायको’ सुमारे 8 लाख डॉलरमध्ये, कृष्णधवल, आपल्या टीव्ही मालिकेच्या तंत्रज्ञांना घेऊन केला. पण वाटेल तिथे काटकसर केली नाही: न्हाणीघरातल्या एका प्रसंगाला चित्रीकरणाचे सात दिवस दिले. पैसा कमी असताना तो सगळीकडे थोडा थोडा पसरायचा की दोन-तीन प्रसंगांवर एकवटायचा, हा निर्णय असतो. प्रेक्षकांना लक्षात राहतात ते एकवटलेले प्रसंग, आणि चांगल्या मतांमध्ये वारंवार उल्लेख येतो तोही अशाच एखाद्या प्रसंगाचा. पाच वेगवेगळ्या लोकांनी एकाच प्रसंगाचं नाव घेतलं असेल, तर तो चित्रपट 5.1 असला तरी बघावा असं माझं ठाम मत आहे.

## मग नक्की वाचायचं काय?

आधी एकूण मतांची संख्या. पाचशेच्या आत असेल तर आकडा बाजूला ठेवा, मजकूर वाचा. मग गुणांच्या पट्ट्या.

त्यानंतर 10 आणि 1 वाली मतं सोडून 4 ते 7 गुण देणाऱ्यांकडे जा. या लोकांना काहीतरी आवडलेलं असतं आणि काहीतरी खटकलेलं, म्हणून ते दोन्ही लिहितात. त्यांच्या प्रत्येक तक्रारीला एक प्रश्न विचारा: हे सुधारायला पैसे लागले असते का? गाड्यांचा पाठलाग फुसका होता, गर्दी नव्हती, हेलिकॉप्टर नकली वाटलं, या पैशाच्या तक्रारी. त्या मनावर न घेता पुढे जाता येतं. संवाद ऐकू येत नाहीत, सुगावे पेरलेले नाहीत, अधिकारी मूर्खासारखा वागतो, मधली वीस मिनिटं रेंगाळतात, या लक्ष न दिल्याच्या तक्रारी. त्या जमू लागल्या की वेळ वाचवा. आणि ‘खूप रक्तपात’, ‘फार संथ’, ‘शेवट दुःखी’ या आवडीनिवडीच्या. त्यात तुमची आवड लिहिणाऱ्याच्या उलट असेल, तर ती शिफारसच समजा.

तारीखही बघा. पहिल्या तीन दिवसांतली मतं आणि सहा महिन्यांनंतरची मतं यांत मोठी तफावत असेल, तर नंतरच्यांवर जास्त विसंबा.

## विकतची मतं ओळखता येतात का?

दर वेळी नाही. पण काही खुणा आहेत. कथेतला एकही तपशील न सांगता ‘अप्रतिम दिग्दर्शन, उत्कृष्ट छायाचित्रण, सगळ्यांनी पाहावाच’ अशी सर्व विभागांची नावं घेणारं मत. त्या खात्यावरून दिलेलं ते एकमेव मत. एकाच दिवशी, एकसारख्या लांबीची, एकसारख्या शब्दांतली बरीच मतं. निंदेलाही हेच लागू. उलट, जो लिहितो की ‘शवविच्छेदनाच्या प्रसंगात डॉक्टर मृत्यूची वेळ सांगते ती पुढच्या साक्षीशी जुळत नाही’, त्याने चित्रपट नक्की पाहिलाय. त्याने 3 गुण दिले असोत वा 8, ते मत खरं.

समीक्षकांवर विसंबावं म्हटलं तर अडचण अशी की अशा चित्रपटांवर लिहिणारे समीक्षकच थोडे असतात. आठ परीक्षणांवरून काढलेला टक्का एका परीक्षणाने बारा-तेरा अंकांनी हलतो. त्यामुळे इथे प्रेक्षकांच्या मतांना पर्याय फारसा नाही.

## आणि स्वतः मत लिहायचं असेल तर

पुढच्या माणसाच्या उपयोगी पडेल असं मत लिहायला चार ओळी पुरतात. किती पाहिलात ते आधी लिहा. वीस मिनिटांत बंद केलात तर तसं सांगा आणि कशामुळे तेही, पण शेवटावर मत देऊ नका. कशावर पाहिलात ते लिहा, कारण हेडफोनवर स्पष्ट असलेला संवाद टीव्हीच्या स्पीकरवर हरवतो. खुनी सुरुवातीलाच कळतो की शेवटी, एवढं सांगा; तो कोण ते सांगू नका. हिंसा कितपत आणि कुणावर, हेही लिहा, विशेषतः मुलं किंवा प्राणी असतील तर, कारण अनेकजण नेमकं तेवढंच शोधत असतात. आवाज खराब असेल तर नुसतं ‘लो बजेट’ न म्हणता ‘बंद खोलीतल्या प्रसंगांत संवाद घुमतात’ असं लिहा. छोट्या निर्मितीतले ध्वनिमुद्रक आणि दिग्दर्शक अशी मतं स्वतः वाचतात, आणि पुढच्या वेळी खोलीत गोधड्या टांगायच्या की नाहीत हे त्यांना त्यातून कळतं.